गावडे साहेबांची नवी सिस्टीम

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "सुतार, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या." माझ्या मनात पहिली शंका आली ती अशी, की यांचं काहीतरी बिघडलेलं असणार. लेखाचं निमित्त काढून दुकानात येतील आणि जाता जाता म्हणतील, जरा हे बघता का. तसंच झालं. लेख ठरला, आणि त्यांचा प्रिंटर माझ्या टेबलावर पडून आहे.

हा संशयी स्वभाव माझा जन्माचा नाही, धंद्यानं लावलेला आहे. कोल्हापुरात, शाहूपुरीत एका जिन्याखालच्या गाळ्यात मी उभी हयात संगणक दुरुस्त करत आलो. आता दुपारपर्यंतच दुकान उघडतो. इतक्या वर्षांत आलेल्या जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकानं पहिलं वाक्य तेच म्हटलं आहे, "मी कश्शाला हात लावला न्हाय, आपोआप झालं." कळफलक उलटा केला की आतून फरसाण पडतं. तरी हात लावलेला नसतो. डॉक्टरला निदान नाडी तरी खरं सांगते. आम्हाला माणूसही खोटं सांगतो आणि यंत्रही, कारण पडद्यावर जी चूक लिहून येते ती बहुतेक वेळा खरी नसतेच.

आता न कळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. संगणक म्हणजे नुसतं यंत्र. बटण दाबल्यावर काय करायचं, फाइल कुठल्या कप्प्यात ठेवायची, पडद्यावर काय दाखवायचं, हे बघणारा कुणीतरी आत लागतो. खानावळीत गल्ला, चूल आणि टेबलं या सगळ्यांवर एकाच वेळी नजर ठेवणारा मालक असतो, तसा. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आमच्याकडं असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडं "विंडोज मारून द्या" म्हणतात. सिस्टीम टाकायची नसते, मारायची असते. काहीही बिघडो, स्पीकर बोलेना की पंखा फिरेना, "एकदा फॉरमॅट मारा की, वो!" हाच उपाय गिऱ्हाईक घरून ठरवून येतं.

एके काळी तर आख्ख्या गल्लीला एक सीडी पुरायची. एका पेठेतल्या तालमीत अशी एक सीडी होती. ज्याला हवी त्यानं न्यावी, मारावी, परत आणून द्यावी. सिस्टीम टाकताना मालकाचं नाव विचारलं जातं. ज्या पठ्ठ्यानं पहिल्यांदा टाकली त्यानं इमानेइतबारे तालमीचं नाव लिहिलं, आणि बाकीच्यांनी तेच लिहायचं असतं असं समजून सगळीकडं तेच लिहिलं. त्या गल्लीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या संगणकाची माहिती उघडून बघितली तर मालक म्हणून तालीम मंडळाचं नाव! हा मंडळाचा जुना संगणक आपल्या गळ्यात मारला, अशी त्यांची खात्री झाली. मंडळाचे लोक त्या वर्षी गणपतीची वर्गणी मागायला आले तेव्हा बाईंनी दार अर्धंच उघडलं. मंडळ आपला संगणक न्यायला आलंय असं त्यांना वाटलं होतं.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला सांगायचं आहे ते गावडे साहेबांचं.

गावडे साहेब म्हणजे एस.टी.तले निवृत्त तपासनीस. वाटेत गाडी थांबवून जे तिकिटं तपासतात, ते. चंदगड लाईनवर त्यांची बरीच नोकरी झाली. तिकडच्या पावसात, घाटात कुठंतरी झाडाखाली रेनकोट घालून उभं राहायचं आणि गाडी आली की हात करायचा. माणूस उंच, मिशी पांढरी, आणि बघणं असं की समोरच्यानं तिकीट काढलेलं असलं तरी खिसा चाचपावा. बायको वारली, मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत. कळंब्याला स्वतःच्या घरात एकटे राहतात. सकाळी तळ्यावर फिरणं, मग चहा, मग लॅपटॉप उघडून पेपर वाचणं.

गेल्या वर्षी विंडोज दहाची मुदत संपायची बातमी सगळीकडं झाली तेव्हा ते पहिल्यांदा दुकानात आले. लॅपटॉप पिशवीतून काढला, पण टेबलावर ठेवला नाही. मांडीवरच धरून बसले.

"पावणं, ह्याच्यावर लिहून येतंय, तुमचा कॉम्प्युटर नव्या विंडोजला चालत न्हाय म्हणून. हे खरं हाय की बनवाबनवी?"

"खरं आहे. जुन्याला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत. चालेल, पण चोराचिलटांचं भय वाढेल."

"म्हंजे चांगला चालणारा टाकून नवा घ्या. बरं जमलंय की त्यांचं!"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं, पण दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या संशयाला खतपाणी घालू नये. मी त्यांना रस्ते सांगितले. नवा लॅपटॉप घ्या, नाहीतर आहे तसंच जपून चालवा, नाहीतर लिनक्स टाका. तीही सिस्टीमच, जुन्या यंत्रावर बरी चालते, आणि फुकट असते.

फुकट म्हटल्याबरोबर त्यांनी लॅपटॉप आणखी जवळ ओढला.

"फुकट कोण देतंय?"

"जगभरचे लोक मिळून बनवतात. कुणीही घ्यावी, वापरावी."

"त्यांना काय मिळतं?"

"काहींना कंपन्या पगार देतात. काही हौसेनं करतात."

"हौसेनं!" साहेब म्हणाले. "आमच्या गाडीत फुकट बसणारी माणसं मी मोजकी बघितली. आमदार, पत्रकार आणि आमच्याच खात्यातली. बाकीचा फुकट्या सापडला की हौसेनं बसलोय म्हणायचा न्हाय, पाकीट हरवलं म्हणायचा."

मी हसलो. माझाही लिनक्सवर आंधळा विश्वास नाही. एखाद्याचा प्रिंटर चालत नाही, एखाद्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालत नाही, आणि मग शिव्या मला. पण ज्याला पेपर वाचायचा, बँकेचं बघायचं आणि चार ओळी लिहायच्या, त्याचं काही अडत नाही. साहेबांना मी ते पेनड्राइव्हवरून चालू करून दाखवायचं ठरवलं. तसं करता येतं. आतल्या कशालाही हात न लावता नवी सिस्टीम बघता येते, आवडली नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, जुनं जिथल्या तिथं.

"हां," ते म्हणाले. "हे बरं हाय. आधी बसून बघायचं, मग तिकीट." आणि लॅपटॉप टेबलावर आला.

उघडला तेव्हा मला दिसलं, की पडद्याच्या वरच्या बाजूला जो कॅमेऱ्याचा डोळा असतो त्याच्यावर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. बायकांच्या कपाळावरची, मखमली.

"हिच्या पाकिटातली हाय," साहेब म्हणाले. "शिल्लक ऱ्हायल्यात."

कॅमेरा का झाकला, एवढंच मी विचारलं. त्यांनी दुकानाच्या दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. मोठ्यानं बोलायची सवय असलेला माणूस हळू बोलायला लागला की मला धडकी भरते.

"पडद्यावरचा बाण कधी कधी आपोआप हलतोय. मी हात लावलेला नसतो."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं आहे, पण या वेळी पहिल्यांदाच खरं वाटलं. संगणक सुरू होताना कोणकोणती कामं आपोआप सुरू होतात ते मी तपासलं. त्यात दुसऱ्या गावाहून हा पडदा बघता येईल, चालवता येईल, असा एक प्रोग्रॅम होता. असल्या वाटेनं लोकांची बँक खाती साफ झालेली मी बघितली आहेत.

"कुणाचा फोन आला होता? कुणी नंबर विचारला, काही बटण दाबायला सांगितलं?"

"कुणाचा न्हाय."

"मग हा लॅपटॉप सुरुवातीला कुणी तयार करून दिला?"

साहेबांनी पिशवीची घडी घातली. "महेशनं," ते म्हणाले. महेश म्हणजे पुण्याचा मुलगा. मग मी ब्राउझर बघितला, तर तोही महेशच्याच नावानं उघडलेला. म्हणजे बाप इथं जे शोधेल त्याची यादी मुलाला तिकडं फोनवर दिसणार. मुद्दाम केलं असेल असं नाही. घाईत लोक आपलंच खातं घालून मोकळे होतात, मी रोज बघतो. पण मुद्दाम केलं नसेल असंही मी छातीठोकपणे सांगू शकलो नाही.

तेव्हा गावडे साहेबांनी खरं काय ते सांगितलं. मध्ये त्यांना काही गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. गॅस बंद केला का, शेजारच्या सुनेचं नाव काय, असलं. घाबरून त्यांनी एके दिवशी विसरण्याच्या आजाराबद्दल संगणकावर शोधून वाचलं. कुणाला बोलले नाहीत. आणि त्याच आठवड्यात महेशचा फोन, "आबा, एकदा पुण्याला या, चांगल्या डॉक्टरांना दाखवू. आणि आता एकटं राहू नका, घर ठेवून काय करायचंय."

"मला सांगा पावणं, त्याला कसं कळलं? मी कुणापाशी अवाक्षर काढलं न्हाय. म्हंजे माझी तपासणी चाललीय! मी चुकायची वाट बघायला लागलाय, की चुकलो की चला पुण्याला!"

मी म्हटलं, तो प्रोग्रॅम काढून टाकतो, खातं बदलतो, झालं. नवी सिस्टीम कशाला? आहे ती तुमच्या हातातली आहे. या वयात सगळं नव्यानं शिकायचं म्हणजे त्रास.

"त्यासाठीच पायजे," ते म्हणाले. "जुनं हाताला पाठ हाय. त्यात काय कळणार? नवं शिकायला येतंय का, तेच बघायचंय मला. आलं तर डोकं शाबूत हाय. न्हाय आलं तर..."

असं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही. लोक सिस्टीम निवडतात ती सोपी म्हणून, स्वस्त म्हणून, नाहीतर मेव्हण्यानं सांगितली म्हणून. या माणसानं ती अवघड म्हणून निवडली.

त्यांचे फोटो आणि पेन्शनची कागदं बाजूला काढून घेतली आणि लिनक्स टाकलं. मग रोज सकाळी फिरणं झालं की साहेब दुकानात. शिकवणी सुरू. मी म्हटलं, मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून देतो, भिंतीला लावा. तर अंगावरच आले. "लिहून घेतलं तर डोकं तपासायचं कसं?"

त्यांची शिकायची रीत न्यारी होती. कुठलंही बटण दाबायच्या आधी हे कशाला, दाबलं नाही तर काय होईल, परत कसं यायचं, सगळं विचारायचे. नवीन दुरुस्त्या आल्यात, टाकू का, असं सिस्टीमनं विचारलं की त्यांच्या कपाळाला आठी. "कुणी पाठवल्यात? आता कशाला?" फाइल कुठं गेली म्हणून ओरडायचे आणि ती समोरच असायची. एकदा खालची पट्टी चुकून गायब केली आणि मला म्हणाले, "सुतार, तुमची हौसेची मंडळी पळाली बघा." मराठी टंकलेखनाला तर फार चिडले. काना सापडला की वेलांटी हरवायची. चिडायचे, उठून चहा सांगायचे, परत बसायचे. मला मनातून धास्ती वाटायची, की हे जमलं नाही तर याचा ठपका मी कुणावर ठेवू? सिस्टीमवर, की माणसावर?

हळूहळू जमू लागलं. पेपर उघडू लागले, बँक उघडू लागले. पासवर्ड त्यांनी स्वतःच्या मनानं ठेवला. मला सांगितला नाही, मी विचारला नाही. अंबाबाईच्या नावानं नका ठेवू, एवढंच बजावलं, कारण निम्म्या कोल्हापूरचा तोच आहे. एके दिवशी त्यांनी पान भरून मराठीत मजकूर लिहिला. चंदगडच्या पावसात गाडी कशी अडकली होती त्याची हकीकत. वेलांट्या सगळ्या जागच्या जागी. मिशीला हात लावून माझ्याकडं बघितलं. मला फार बरं वाटलं, इथं कबूल करतो.

अशाच एका सकाळी ते माझ्यासमोर बसलेले असताना दुकानाच्या दारात एक गाडी थांबली. उतरलेला माणूस चाळिशीचा, डोळे तांबारलेले. त्यानं आधी बापाला बघितलंच नाही. सरळ मला म्हणाला, "सुतार काका तुम्हीच ना? माझ्या वडिलांना तुम्ही काय विकलंत?"

"काही विकलेलं नाही," मी म्हटलं. "बसा."

"शेजाऱ्यांनी सांगितलं, ते रोज तुमच्याकडं असतात. लॅपटॉप बदललात ना त्यांचा? मला तिकडून कित्येक दिवस बंद दिसतोय."

"व्हय," बाजूच्या खुर्चीतून आवाज आला. "बंद दिसतोय, कारण तो चालू हाय."

महेश वळला. बापलेक एकमेकांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता इथं तमाशा होणार. मी शटरकडं बघून घेतलं.

"आबा, मी रोज सकाळी बघायचो," महेश म्हणाला. "लॅपटॉप चालू झाला की मला कळायचं. उठलात, फिरून आलात, ठीक आहात. मग मी ऑफिसच्या कामाला लागायचो. फोन केला की तुम्ही 'बरं हाय' म्हणता आणि ठेवता. मला दुसरं काय कळणार?"

"आणि मी काय वाचलं ते?"

महेशनं मान खाली घातली. "दिसलं. शोधायला गेलो नव्हतो. पण दिसल्यावर गप्प बसवलं नाही."

मी दोघांवरही संशय घेऊन बसलो होतो. मुलाचा डोळा घरावर असेल, बापाच्या डोक्यात भ्रम असेल. आता दोघंही खरं बोलत होते, आणि ते ऐकायला मला जास्त जड गेलं.

"मी जन्मभर तपासणी केली," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता नेहमीसारखा मोठा झाला. "पण कधी कंडक्टरच्या पाठीमागं लपून बसलो न्हाय. रस्त्यात उभा ऱ्हायचो, हात करायचो, समोरनं चढायचो, नाव सांगायचो. मग तपासायचो. माणूस चोर असला तरी त्याला कळाय पायजे, कोण तपासतंय. तू माझ्या घरात बिनचेहऱ्याचा शिरलास, महेश."

"चुकलं, आबा."

"बस इथं. काय शिकलोय ते दाखवतो."

महेश शेजारच्या स्टुलावर बसला. साहेबांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, अगदी पहिल्यापासून दाखवायचं म्हणून. पासवर्ड मागणारी चौकट आली. त्यांनी बोटं कळफलकावर ठेवली आणि ती तिथंच राहिली.

एकदा टाकला. चुकला. पुन्हा टाकला. चुकला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रोज सकाळी माझ्यासमोर घातलेला पासवर्ड. तो वयानं गेला, आजारानं गेला, की मुलगा शेजारी बसला म्हणून गेला, ते मला आजही माहीत नाही. ज्याला परीक्षेत नापास व्हायचं नव्हतं तो नेमका परीक्षकासमोर अडला, एवढं मात्र खरं. महेशनं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं मला माहीत असेल. मी नाही म्हणून मान हलवली.

साहेबांनी हात मांडीवर घेतले.

"आठवत न्हाय," ते म्हणाले. "बघ. हे तुला पुण्यात बसून कळलं नसतं, म्हणून तोंडावर सांगतो. मला कधी कधी आठवत न्हाय. भ्या वाटतं."

महेशनं बापाच्या मनगटावर हात ठेवला. बाहेर रिक्षावाल्यांची नेहमीची ओरड चालू होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण दुकान माझं.

"डॉक्टरांकडं जाऊया, आबा. इथल्याच. मी येतो बरोबर."

"जाऊया की. पण कळंबा सोडायचा न्हाय."

"नाही सोडायचा. डॉक्टर काय म्हणतात ते तुमच्यासमोरच ऐकू. मागनं काही ठरवणार नाही."

विसरलेला पासवर्ड बदलून देणं हे माझं रोजचं काम आहे. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याला ते करता येतं. मी ते केलं आणि साहेबांनी नवा पासवर्ड घातला. घालताना तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मग मला म्हणाले, "सुतार, ह्याच्यात आणिक एका माणसाला जागा होतीय का हो?"

"होते की. हवी तितकी खाती काढता येतात. ज्याचं त्याचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही."

"मग ह्याला एक काढून द्या. घरी आला की ह्याच्या नावानं बसंल."

मी महेशच्या नावानं खातं काढलं. नावाखाली पासवर्डची रिकामी चौकट आली. साहेबांनी लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला, खुर्ची वळवली आणि तोंड दुकानाच्या दाराकडं करून बसले.

"टाक तू," ते म्हणाले. "मी बघत न्हाय."

महेशनं कळफलकावर बोटं ठेवली, पण त्याला पडदा दिसत नव्हता. मी खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढं धरला.